अर्धी राहिलेली कादंबरी

२००६ सालच्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या बारा प्रकाशकांच्या आणि एजंटांच्या टेबलांवर एका अनोळखी लेखकाच्या कादंबरीचं एक प्रकरण येऊन पडलं होतं. लेखकाचं नाव रेथ पिकेट आणि कादंबरीचं नाव 'द आय ऑफ द सायक्लोन'. दहा जणांनी नकार कळवला, दोघांकडून उत्तर आलं नाही. पात्रांमध्ये मन गुंतत नाही, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं डेव्हिड लॉज यांचं कादंबरीकलेवरचं पुस्तक आणून त्यातून काही शिकावं, असा सल्ला दिला. मग 'द ऑस्ट्रेलियन' या दैनिकानं खुलासा छापला. ते प्रकरण पॅट्रिक व्हाइट यांच्या 'द आय ऑफ द स्टॉर्म' या कादंबरीतलं तिसरं प्रकरण होतं आणि रेथ पिकेट हे व्हाइट यांच्याच नावातली अक्षरं फिरवून केलेलं नाव होतं. ही कादंबरी आली १९७३ साली. त्याच वर्षी व्हाइट यांना नोबेल मिळालं, ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला आलेलं साहित्याचं पहिलं नोबेल.

देशभर खळबळ उडाली आणि बहुतेकांनी प्रकाशकांना धारेवर धरलं. पण श्रोतेहो, ज्यांनी नकार दिला त्यांच्या हातात नेमकं काय होतं, हे आधी पाहायला हवं. सहाशे पानांच्या आसपासच्या कादंबरीतला एक तुकडा, तोही तिसरा. पहिल्या दोन प्रकरणांत व्हाइट वाचकाला एका घरात नेऊन बसवतात, तिथल्या माणसांचे आवाज ओळखीचे करून देतात. तेवढं झाल्याशिवाय तिसऱ्या प्रकरणात शिरणारा माणूस परक्या घराच्या मधल्या खोलीत उभा असतो. त्याला काही कळलं नाही, यात नवल नाही.

तरीही प्रकाशकांना पूर्ण मोकळं सोडता येत नाही. पुढे वाचायचं नाही, हे ठरवण्याचा त्यांना हक्क होता. लेखकाला लिहिताच येत नाही, असा निकाल एका प्रकरणावरून देण्याचा हक्क मात्र नव्हता. आजच्या व्याख्यानाचं म्हणणं या फरकावर उभं आहे. पुस्तक सोडणं वेगळं आणि पुस्तकाचा न्याय करणं वेगळं. वाचकाला पहिल्याची पूर्ण मोकळीक आहे, त्याचं कारणही कोणाला द्यायला नको. दुसऱ्यासाठी मात्र त्यानं काहीतरी मोजलेलं असावं लागतं.

असे प्रयोग दुसरीकडेही झाले आहेत. जर्झी कोसिन्स्की यांच्या 'स्टेप्स'ला १९६९ साली अमेरिकेत नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. पुढे सत्तरच्या दशकात चक रॉस नावाच्या लेखकानं ती संपूर्ण कादंबरी पुन्हा टाइप करून, शीर्षक काढून, चौदा प्रकाशकांना आणि तेरा एजंटांना पाठवली. सगळीकडून नकार आला. त्यात कादंबरीचा मूळ प्रकाशकही होता. म्हणजे सबंध पुस्तक हातात असूनही ओळख पटली नाही. उलट बाजूचा दाखलाही आहे. डोरिस लेसिंग यांनी १९८०च्या दशकात जेन सोमर्स हे नाव घेऊन कादंबरी पाठवली, तेव्हा त्यांच्याच नेहमीच्या प्रकाशनसंस्थेनं ती नाकारली. दुसऱ्या संस्थेतल्या संपादकाला मात्र ती वाचताना सुरुवातीच्या काळातल्या लेसिंग आठवल्या आणि त्या संस्थेनं ती छापली. कान असलेला वाचक कुठेतरी असतो. हस्तलिखित त्याच्यापर्यंत पोचतं की नाही, एवढंच आपल्या हातात नसतं.

आता पूर्ण वाचून केलेल्या निवाड्याकडे वळू. सिडनीच्या वायव्येला असलेलं कॅसल हिल आज इथल्या मराठी मंडळींना चांगलं ठाऊक आहे. अनेक भारतीय कुटुंबं त्या भागात राहतात, आणि मेट्रोनं थेट शहरात जाता येतं. १९४८ ते १९६४ या काळात पॅट्रिक व्हाइट आणि त्यांचे जीवनसाथी मॅनोली लास्कारिस तिथे एका छोट्या शेतावर राहत होते. भाजीपाला पिकवायचा, कुत्री पाळून त्यांची पैदास करायची, दूध-साय विकायची आणि उरलेल्या वेळात लिहायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. 'द ट्री ऑफ मॅन' ही कादंबरी त्याच घरात लिहून झाली. स्टॅन आणि एमी पार्कर हे जोडपं रानात झाडं तोडून शेत उभं करतं. पूर येतो, वणवा येतो, मुलं मोठी होऊन दूर जातात आणि हळूहळू शहर त्यांच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपतं. कादंबरीत घडतं ते एवढंच. अमेरिकेत ती १९५५ साली आली.

पुढच्या वर्षी 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड'मध्ये तिचं परीक्षण ए. डी. होप यांनी लिहिलं. होप मोठे कवी होते, कॅनबेऱ्यात इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि त्यांनी कादंबरी शेवटपर्यंत वाचली होती. परीक्षणाच्या अखेरीस त्यांनी व्हाइट यांच्या गद्याला दिखाऊ आणि अडाणी ठरवलं, तेही इतक्या झोंबऱ्या शब्दांत की ऑस्ट्रेलियाच्या वाङ्मयीन चर्चेत ते आजही आठवले जातात. व्हाइट यांनी तो घाव जन्मभर जपला. १९५७ साली माइल्स फ्रँकलिन पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, तो व्हाइट यांच्या 'व्हॉस'ला. पण होप यांचं वाक्य त्यानं पुसलं गेलं नाही. तेव्हा शेवटचं पान गाठलं की न्याय करण्याची पात्रता आपोआप येते, असं समजण्याचं कारण नाही. व्हाइट यांचं वाक्य मध्येच तुटतं, क्रियापदाशिवाय थांबतं, दगडाला आणि मांजरीला माणसाइतकाच मान देतं. व्याकरणाच्या शिस्तीत वाढलेला जाणता वाचक त्यात चारशे-पाचशे पानं चालूनही परकाच राहू शकतो.

मग सामान्य वाचकानं काय करावं? ज्यांनी या प्रश्नावर हिशेबी नियम बसवले, त्यांच्यात अमेरिकेतल्या सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचं नाव प्रसिद्ध आहे. त्यांचा नियम असा: पन्नास पानं वाचावीत. नाही जमलं तर पुस्तक बाजूला ठेवावं. वय पन्नासच्या पुढे गेलं की शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच पानं द्यावीत. सत्तरीच्या वाचकाला तीस पानं पुरेत. आयुष्य थोडं उरलं आहे हे हा नियम प्रेमानं ध्यानात घेतो, म्हणून तो लोकांना आवडला. फ्रेंच लेखक डॅनिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या हक्कांची यादी केली, तिच्यात पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क तिसरा आहे.

ई-वाचकांच्या नोंदी आल्यापासून या प्रश्नाला आकडेही चिकटले. गणितज्ञ जॉर्डन एलेनबर्ग यांनी २०१४ साली किंडलवर लोक कुठली वाक्यं अधोरेखित करतात ते पाहिलं आणि ती पुस्तकात सरासरी किती खोलवर आहेत यावरून पुस्तक किती वाचलं जातं याचा अंदाज बांधला. हे शास्त्रीय मोजमाप नाही, असं त्यांनीच सांगून टाकलं होतं. थॉमा पिकेटी यांच्या भांडवलावरच्या ग्रंथाला त्यात २.४ टक्के मिळाले आणि डोना टार्ट यांच्या 'द गोल्डफिंच'ला ९८.५. त्याच वर्षी कोबो या दुसऱ्या कंपनीनं ब्रिटनमधल्या आपल्या ग्राहकांचे आकडे जाहीर केले. त्यांच्यात 'द गोल्डफिंच' पूर्ण करणारे होते सुमारे ४४ टक्के. पुस्तक एक, वर्ष एक, आणि उत्तरं दोन टोकांची. पहिल्यानं अधोरेखित वाक्यांची जागा मोजली, दुसऱ्यानं शेवटच्या पानापर्यंत पोचलेली माणसं मोजली. अर्ध्यावर थांबलेल्या माणसाला काय मिळालं आणि पोचलेल्याच्या हाती काय लागलं, हे दोघांनाही कळलं नाही.

सिडनी-मेलबर्नच्या मराठी घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मराठी कादंबरी इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ती पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून किंवा दादरहून येते. बॅगेच्या वजनात तिच्यासाठी लोणच्याची बरणी नाहीतर मुलांचे कपडे मागे ठेवावे लागतात. एवढ्या खटाटोपानं आणलेली कादंबरी चाळिसाव्या पानावर सोडायला जीव होत नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या दोन संशोधकांनी १९८५ साली हाच स्वभाव दाखवून दिला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं काढायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत तिकिटं दिली. कोणाला काय मिळेल हे नशिबावर होतं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच होती. गेलेले पैसे त्यांना खुर्चीवर आणून बसवत होते.

लोणच्याच्या बदल्यात आलेल्या पुस्तकाचंही तसंच होतं. मग माणूस ते वाचतही नाही आणि सोडतही नाही. पलंगाशेजारी ते महिनोन् महिने उपडं पडून राहतं, आणि त्याच्या धाकानं दुसरं पुस्तकही उघडलं जात नाही. हे सगळ्यांत वाईट. अशा घरातली कित्येक माणसं आपलं वाचन सुटलं असं म्हणतात, तेव्हा पुष्कळदा एकच पुस्तक अडून बसलेलं असतं. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तक फुकट मिळतं आणि परत करताना ते वाचलं का, असं कोणी विचारत नाही. त्यामुळे तिथून आणलेलं पुस्तक माणूस मोकळेपणानं सोडतो आणि मोकळेपणानंच दुसरं उचलतो.

सोडावं की धरावं याचा खरा कस लावणारी एक जुनी ऑस्ट्रेलियन कादंबरी आहे. तिच्याजवळ थोडं थांबायला हवं.

जोसेफ फर्फी हे न्यू साउथ वेल्सच्या रिव्हरिना भागात बैलगाड्यांवर माल वाहायचे. दुष्काळानं तो धंदा बुडाला, तेव्हा ते व्हिक्टोरियातल्या शेपर्टनला भावाच्या ओतकारखान्यात कामाला लागले. दिवसा भट्टीजवळ काम आणि रात्री लेखन, अशी वर्षं गेली. १८९७ साली त्यांनी हजारावर पानांचं हस्तलिखित सिडनीच्या 'बुलेटिन' या साप्ताहिकाकडे पाठवलं. तिथले वाङ्मयीन संपादक ए. जी. स्टीफन्स यांनी ते वाचलं. पुस्तक उत्तम आहे, पण विकलं जाणं अवघड आहे, असा त्यांचा कौल पडला आणि कापाकापी करायला त्यांनी सांगितलं. फर्फी यांनी टंकयंत्र घेतलं, सगळं पुन्हा लिहून काढलं आणि दोन मोठे भाग बाहेर काढले. त्या दोन भागांची पुढे दोन स्वतंत्र पुस्तकं झाली. उरलेलं 'सच इज लाइफ' १९०३ साली टॉम कॉलिन्स या टोपणनावानं बाहेर आलं, आणि खपलं नाही.

'सच इज लाइफ' उघडणारा वाचक आजही पहिल्या पन्नास पानांत हैराण होतो. कादंबरीतला निवेदकही कॉलिन्सच. तो आपल्या जुन्या रोजनिशीतल्या नोंदी खुलवून सांगायला बसतो. सुरुवात ९ सप्टेंबर १८८३ची, आणि पुढे दर महिन्याची नऊ तारीख असा क्रम तो ठरवतो. रात्रीच्या मुक्कामाला गाडीवाले जमतात, दुसऱ्याच्या कुरणात बैल चोरून चारायचे बेत करतात. प्रत्येक जण आपापल्या बोलीत बोलतो. मध्येच कॉलिन्स शेक्सपिअरवर आणि नशिबावर लांबलचक भाष्य करतो. कथानक सापडत नाही. नॅन्सी पर्ल यांचा नियम लावला तर बहुतेक वाचक इथे पुस्तक मिटतील, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

पण जो पुढे जातो त्याच्या हळूहळू ध्यानात येतं की कथानक होतंच. ते कॉलिन्सला दिसत नव्हतं. एका गाडीवाल्याच्या बोलण्यात येणारी जुनी प्रेयसी, अपघातात चेहरा विद्रूप झालेली मुलगी, आणि रानात एकटा राहणारा, फिडल वाजवणारा, दाढी न उगवणारा कुंपणराखा नोझी आल्फ. वाचक हे धागे जोडतो तेव्हा त्याला कळतं की नोझी आल्फ ही तीच मुलगी आहे आणि पुरुषाच्या वेषात राहते आहे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देणाऱ्या कॉलिन्सला हे शेवटपर्यंत उमगत नाही. दोनशे पानांपूर्वी कंटाळा आणणारा गप्पांचा तपशील इथे पुरावा होऊन परत येतो.

आणि हे केवळ एकट्यादुकट्या वाचकाचं मत नाही. एका शिक्षिकेनं, केट बेकर यांनी, न खपलेले छापील कागद स्वतः विकत घेऊन १९१७ साली ही कादंबरी पुन्हा बाजारात आणली. १९३७ साली लंडनच्या जोनाथन केप यांनी तिची संक्षिप्त आवृत्ती काढली. अवघड वाटणारा, विषयांतराचा भाग छाटून टाकला होता. ऑस्ट्रेलियातल्या जाणत्या वाचकांनी त्यावर कडाडून टीका केली, कारण छाटलेल्या भागाबरोबर धागेही तुटले होते. १९४४ साली अँगस अँड रॉबर्टसननं ती पुन्हा संपूर्ण छापली. (तिच्यातले आदिवासींबद्दलचे आणि चिनी माणसांबद्दलचे उल्लेख आजच्या वाचकाला बोचतात. त्या कारणानं कोणी ती खाली ठेवली तर ते कारणही पुरेसं आहे.)

फर्फी यांच्यावरून कंटाळ्याचे दोन प्रकार वेगळे काढता येतात. पुस्तक कसं बोलतं हे अजून कळलेलं नसतं, म्हणून एक कंटाळा येतो. पुस्तकाजवळ सांगायला काही उरलेलं नसतं, म्हणून दुसरा येतो. पहिल्या पन्नास पानांत दोन्ही सारखेच वाटतात. फरक ओळखायचा एक साधा मार्ग आहे: पुढची पानं खुशाल चाळावीत. शंभराव्या, दोनशेव्या पानावरचा एखादा परिच्छेद मोठ्यानं वाचावा. तिथे मागचं एखादं नाव, एखादी वस्तू, एखादा बोलण्याचा ढंग नव्या अर्थानं परत आला असेल तर लेखक काहीतरी रचतो आहे, हे नक्की. विसाव्या पानावर जे होतं तेच तितक्याच जोरात दोनशेव्या पानावर चालू असेल तर निश्चिंत मनानं पुस्तक ठेवून द्यावं. पुढचं वाचल्यानं रहस्य फुटेल अशी भीती ज्या कादंबरीला असते, तिच्याबाबत हा प्रश्न सहसा पडतच नाही.

मोठ्यानं वाचण्याचा उपाय ॲलेक्सिस राइट यांच्या बाबतीत तर अनिवार्य आहे. राइट या वान्यी या आदिवासी समाजाच्या, उत्तरेकडच्या कार्पेंटारियाच्या आखाताच्या प्रदेशातल्या. त्यांची 'कार्पेंटारिया' मोठमोठ्या प्रकाशकांनी नाकारली. शेवटी सिडनीच्या जिरामाँडो या छोट्या संस्थेनं २००६ साली, रेथ पिकेट गाजत होता त्याच वर्षी, ती छापली आणि २००७ साली तिला माइल्स फ्रँकलिन पुरस्कार मिळाला. कादंबरी सुरू होते ती प्राचीन महासर्पानं नद्या कशा कोरल्या तिथून. माणसं येतात, पण घाईनं नाही. कथनाचा आवाज त्या प्रदेशातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या सांगण्याचा आहे. तो फिरून फिरून त्याच जागी येतो, थट्टा करतो, मध्येच सुनावतो.

शहरी कादंबरीची सवय असलेला वाचक इथे गोष्ट कधी सुरू होणार म्हणून ताटकळतो. मराठी माणसाला मात्र ही बैठक परकी वाटू नये. नारदीय कीर्तनाला बसलेला श्रोता पूर्वरंगात आख्यानाची घाई करत नाही. आधी अभंग, मग त्याचं निरूपण, मग नामाचा गजर, आणि नंतर उत्तररंगात कथा, हे त्याला माहीत असतं. बुवा निरूपणात जे पेरतात ते आख्यानात उगवतं, म्हणून तो बसून राहतो. राइट यांच्या पुस्तकापुढे तसंच बसावं लागतं. त्यांची 'प्रेझवर्दी' ही २०२३ सालची कादंबरी सातशे पानांच्या वर आहे. २०२४ साली तिनं स्टेला आणि माइल्स फ्रँकलिन हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळवले. ती आगगाडीत दहा-दहा मिनिटं वाचून कोणी सोडली असेल तर पुस्तकाला वाईट म्हणण्याआधी त्यानं तिला एक मोकळा रविवार देऊन पाहावा.

मराठीतही हे सगळं घडून गेलं आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. तेव्हाचा वाचक पुढे वाचायचं की नाही हे दर आठवड्याला ठरवत होता आणि लेखकाला त्याला दर आठवड्याला परत बोलवावं लागत होतं. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली, तेव्हा रुळलेल्या कथानकाची वाट पाहणारे वाचक गोंधळले आणि पांडुरंग सांगवीकर या तिच्या नायकात स्वतःला पाहणाऱ्या तरुणांनी ती पाठ केली. २०१० साली त्यांची 'हिंदू' आली, दीर्घ प्रतीक्षेनंतर, सहाशे पानांच्या आसपासची. ती वाङ्मयीन चर्चेत सगळ्यांच्या तोंडी होती. ती किती घरांत अर्ध्यावर थांबली हे कोणी मोजलं नाही, पण गप्पांमध्ये लोक ते उघड सांगतात. नायक खंडेरावाच्या आठवणी, मोहेंजोदडोचं उत्खनन, गावगाड्यातली असंख्य माणसं, यांचा पसारा हेच त्या कादंबरीचं रूप आहे. कुठलंही पान उघडून चार-पाच पानं वाचणाऱ्यालाही ती बरंच देते. तिच्याबाबत 'पूर्ण केली का' हा प्रश्न गैरलागू आहे, असं या व्याख्यानाचं स्पष्ट मत आहे.

इथे जन्मलेल्या मुलांचं प्रकरण निराळं आहे. रविवारच्या मराठी वर्गात अक्षरं शिकलेली मुलगी जेव्हा एखादी मराठी कादंबरी हाती घेते, तेव्हा तिचा वेग वाक्यागणिक अडतो. ती थांबते ती दमून, पुस्तकाला कंटाळून नव्हे. तिला मोठ्यांनी पुस्तक पूर्ण करण्याचा आग्रह करू नये. तिच्याबरोबर बसून दोन पानं वाचावीत, आणि तिला आवडलेलं प्रकरण कुठलंही असलं तरी तिथून सुरुवात करू द्यावी.

आणि पुस्तक सोडण्याचं एक कारण असं आहे की ज्याचा पुस्तकाच्या बऱ्यावाईटाशी संबंधच नाही. पुन्हा 'द आय ऑफ द स्टॉर्म'कडे जाऊ. सिडनीच्या सेंटेनिअल पार्कजवळच्या मोठ्या घरात एलिझाबेथ हंटर ही वृद्ध बाई मरणाच्या वाटेवर आहे. रात्रंदिवस पाळीपाळीनं नर्सबाया तिच्याजवळ असतात. लंडनमध्ये नट म्हणून नाव कमावलेला मुलगा आणि फ्रान्समध्ये लग्न करून गेलेली मुलगी विमानानं येतात. आईला भेटायचं असतंच, पण एवढा खर्च कशाला, तिला एखाद्या वृद्धाश्रमात हलवावं, हेही मनात असतं. आई अंथरुणावरूनच दोघांना आरपार ओळखते.

सिडनीतल्या मराठी वाचकासाठी यात दिशा फक्त उलटी आहे. इथून विमान पकडून कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये जायचं, आईजवळ राहणाऱ्या मावशींचा पगार विचारायचा, भावाशी दबक्या आवाजात बोलायचं आणि दोन आठवड्यांनी परत यायचं. हे ज्यानं केलं आहे किंवा ज्याला आता करायचं आहे, त्याला ती कादंबरी शंभराव्या पानावर सहन होणार नाही, असं होऊ शकतं. त्यानं ती ठेवावी. आईच्या आजारपणात ती पूर्ण करण्यात काही शौर्य नाही. पण तीच कादंबरी पाच वर्षांनी त्याला असं काही देईल जे सांत्वनाला आलेल्या कोणाकडूनही मिळालं नसेल, कारण व्हाइट त्या मुलांना माफ करत नाहीत आणि दूरही लोटत नाहीत. एलिझाबेथ हंटर क्रूर आहे, रूपगर्विता आहे, आणि चक्रीवादळाच्या मध्यावर, एका बेटावर, तिला एकदाच जी शांतता लाभली ती खरी आहे. ही बाई एका प्रकरणात मावत नाही.

एखादी कादंबरी सबंध देशानं अर्ध्यावर सोडावी आणि पंचवीस वर्षांनी एका वाचकानं ती पुन्हा उघडायला लावावी, असंही झालं आहे. ख्रिस्टिना स्टेड सिडनीत, समुद्राकाठच्या वॉट्सन्स बे इथे वाढल्या. 'द मॅन हू लव्ह्ड चिल्ड्रन' ही त्यांची कादंबरी त्याच बालपणातून आली, पण अमेरिकन वाचकांसाठी तिचं स्थळ वॉशिंग्टनच्या परिसरात हलवावं लागलं. १९४० साली ती प्रसिद्ध झाली आणि विरून गेली. सॅम पॉलिट हा स्वतःवर खूश असलेला बाप, कर्जात बुडालेली हेनी, आणि या दोघांच्या भांडणात वाढणारी लुई. सॅमची लाडिक बडबड पानोपानी चालते आणि वाचकाचा जीव गुदमरतो. तो गुदमरावा, अशीच रचना आहे. घरातून निघून जाण्याचा लुईचा निश्चय वाचकाला कळावा तर त्याला तेवढाच वेळ त्या घरात कोंडून घ्यावं लागतं. १९६५ साली कवी रँडल जॅरल यांच्या दीर्घ प्रस्तावनेसह ती पुन्हा निघाली. प्रस्तावनेत त्यांनी दोष झाकले नाहीत. बऱ्यापैकी लांबीच्या कुठल्याही कादंबरीत काहीतरी चुकलेलं असतंच, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य करून त्यांनी त्या पुस्तकाची थोरवी पानामागून पान दाखवली.

१९६७ साली एका ऑस्ट्रेलियन पुरस्कारासाठी स्टेड यांचं नाव पुढे आलं, तेव्हा परदेशात राहिल्यामुळे त्या आता ऑस्ट्रेलियन उरल्या नाहीत, असं कारण देऊन तो नाकारला गेला. व्हाइट यांनी नोबेलच्या पैशातून, ज्यांची पुरेशी कदर झाली नाही अशा लेखकांसाठी पुरस्कार सुरू केला. १९७४ सालचा पहिला पुरस्कार स्टेड यांना मिळाला. ज्या लेखकाच्या कादंबऱ्या लोक मध्येच ठेवून देत होते, त्यानं ज्या लेखिकेच्या कादंबरीकडे वर्षानुवर्षं कोणी पाहिलं नव्हतं तिच्याकडे लक्ष वेधलं, यात फार मोठी सहृदयता होती.

जॅरल यांनी केलं ते काम लहान प्रमाणात इथल्या मंडळींना करता येण्यासारखं आहे. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला जमताना प्रत्येक घरानं अर्धवट राहिलेली एक मराठी कादंबरी आणावी आणि एका टेबलावर ठेवावी. आत एक चिठ्ठी असावी. कितव्या पानावर थांबलो, कशामुळे थांबलो, आणि तोवर काय आवडलं, एवढं तीन ओळींत लिहिलेलं असावं. 'वाईट आहे' असं कोणी लिहू नये. 'एकशे बाराव्या पानावर आजोबांच्या पत्रांनी दमवलं, पण विहिरीचं प्रकरण दोनदा वाचलं,' असं लिहावं. घेऊन जाणाऱ्यानं वाटल्यास विहिरीच्या प्रकरणापासूनच सुरुवात करावी. आजोबांची पत्रं त्याला आवडली तर मूळ मालकाला फोन करून ते सांगावं.